जुनाट दुखण्यावर मन-शरीर पद्धत: सुरुवात कशी करायची आणि कुठे चुकतं

गोदावरीला पाणी चढलं की नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी मारुतीच्या पायाशी आहे, कमरेला लागलं की छातीवर गेलं, यावरून घाटावरचे दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. पण ज्याच्या दुकानात एकदा पूर शिरून गेलाय, तो पाणी पायाशी असतानाच आवराआवर सुरू करतो. त्याची धावपळ खोटी नसते. त्याच्या मनातली धोक्याची खूण तेवढी खाली सरकलेली असते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थेचं पुष्कळदा असंच होतं. लचक भरून आली, सूज उतरली, पण मेंदूतली खूण खालीच राहिली. मग वाकलं, बसलं, गाडी खड्ड्यातून गेली, घरात वाद झाला, एवढ्यावरही कळ उठते. या लेखातली सगळी पद्धत ही खूण पुन्हा वर नेण्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. ‘मनाचा संबंध आहे’ याचा अर्थ ‘मनाचे खेळ आहेत’ असा नाही. दुखतं ते खरंच दुखतं. सगळ्याच वेदना शेवटी मेंदूत तयार होतात, हाड मोडल्याची वेदनासुद्धा. १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची नोंद छापून आली. उडी मारताना १५ सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून वर आला. खिळा जरा हलला तरी तो कळवळायचा, म्हणून गुंगीचं औषध देऊन खिळा काढावा लागला. बूट उतरवल्यावर दिसलं की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता आणि पायाला काहीही इजा नव्हती. त्याची वेदना नाटकी नव्हती. डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरून मेंदूने धोक्याचा अंदाज बांधला आणि त्या अंदाजाइतकं दुखलं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे.

आधी डॉक्टर, मग ही पद्धत

हा टप्पा गाळू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल लटकणं किंवा पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर क्षणभरही थांबू नका. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि पाठदुखी एकत्र असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायलाच हवा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, बराच काळ स्टेरॉइड घेतलेलं असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कुठल्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची वेदना, हेही सगळं आधी डॉक्टरांना सांगा. चाळिशीच्या आतल्या माणसाला सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा राहत असेल आणि हालचालीने तो सैल होत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. मधुमेह, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या साध्या आहेत, त्या उरकून टाका.

तपासण्यांत धोक्याचं काही निघालं नाही की डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा: “मी चाललो, वाकलो, थोडं वजन उचललं, तर काही बिघडेल का?” त्यांचं ‘नाही’ हे उत्तर तारखेसह लिहून ठेवा. पुढे दोन महिने ते रोज उपयोगी पडणार आहे.

आमवात, मधुमेहातली नसांची जळजळ, कॅन्सरची वेदना यांत ही पद्धत मूळ उपचाराच्या जोडीला चालते, त्याऐवजी नाही.

चौदा दिवसांची वही

दुखणं इजेचं आहे की मज्जासंस्थेला लागलेल्या सवयीचं, हे ओळखायला पुरावा गोळा करावा लागतो. मेंदूला नुसतं समजावून पटत नाही. शंभर पानी वही घ्या आणि रोज तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि झोपताना, फक्त चार गोष्टी लिहा: दुखणं ० ते १० पैकी किती, नेमकं कुठे, त्याआधी काय करत होतो, मनात काय चाललं होतं. एका नोंदीला दोन मिनिटं. त्याहून जास्त लिहू नका. दर तासाला दुखणं तपासत बसलं तर मेंदू त्याला आणखी महत्त्वाचं समजतो.

चौदा दिवसांनी वही एकदाच सलग वाचा. दुखणं जागा बदलतं का? उजवीकडून डावीकडे, मानेतून खांद्यात? सातपूरच्या कारखान्यात पाळीवर आठ तास उभं राहून दुखत नाही, पण रविवारी दुपारी घरी दुखतं, असं आहे का? लग्नाच्या गडबडीत दोन दिवस विसरच पडला होता का? काम करताना काही नाही आणि दुसऱ्या दिवशी ठणकतं? नुसतं ‘उद्या प्रवास आहे’ या विचाराने सुरू होतं? सुरुवातीला काही मार लागलाच नव्हता, पण तेव्हा नोकरी, आजारपण, घराची वाटणी असं काहीतरी चाललं होतं? मोडलेलं हाड रविवार बघून दुखत नाही. अशा तीन-चार खुणा वहीत सापडल्या तर त्या लाल पेनाने अधोरेखित करा.

खुणा सापडल्या नाहीत, आणि दुखणं प्रत्येक वेळी एकाच हालचालीला, एकाच जागी, सारख्याच जोराने उठत असेल, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा.

रिपोर्टमधले शब्द

‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली’, ‘गुडघ्याची वाटी घासली’. हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस वाकताना वर्षानुवर्षं तेच चित्र बघतो. म्हणून एमआरआयचा अर्थ नीट समजून घेणं हाही उपचाराचाच भाग आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचे निष्कर्ष एकत्र केले होते. मणक्यातल्या गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत दिसली. गादी फुगलेली दिसणारे पन्नाशीत ६० टक्के होते. यांतल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. डोक्यावरचे केस पिकतात तशीच गादीही पिकते.

याचा अर्थ सगळेच रिपोर्ट निरर्थक असा नाही. पायात ताकद कमी असेल, डॉक्टरांनी तपासून नस दबल्याची खूण प्रत्यक्ष दाखवली असेल, तर रिपोर्ट आणि शरीर एकच गोष्ट सांगतायत; तिथे त्यांचा सल्ला आधी. नुसता कागद घाबरवत असेल आणि तपासणीत ताकद, संवेदना, रिफ्लेक्स (हातोडीने ठोकून बघतात ती प्रतिक्रिया) ठीक असतील, तर कागदाचं वजन कमी करा.

घरातली भाषाही बदलावी लागते, आणि ती आईपासून सुनेपर्यंत सगळ्यांनी. “वाकू नकोस, कंबर जाईल,” हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण प्रत्येक वेळी ते मेंदूला धोक्याची आठवण देतं. “आज कसं दुखतंय?” याऐवजी “आज काय काय केलंस?” असं विचारायला घरच्यांना सांगा.

दुखण्याकडे न घाबरता बघण्याचा सराव

हा या पद्धतीचा गाभा. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जुनाट पाठदुखीच्या १५१ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाच सराव मध्यवर्ती होता. चार आठवड्यांच्या उपचारानंतर या गटातले ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. खोटं इंजेक्शन घेतलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात १० टक्के होतं. ही पाठदुखी सौम्य ते मध्यम होती आणि सोबत प्रशिक्षित माणूस होता, हे लक्षात ठेवूनच आकडे वाचावेत.

दुखणं ५ किंवा त्याहून कमी असताना सुरू करा. आरामात बसा, खुर्ची चालेल, आडवं पडलं तरी चालेल. पहिली दोन मिनिटं श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात आणि अंग सैल पडू लागतं. मग लक्ष दुखऱ्या जागेकडे न्या आणि तिचं वर्णन करा. मराठीत यासाठी शब्दांची खाण आहे: ठणका, कळ, चमक, सल, आग, ओढ, मुंग्या, शिणका, अवघडलेपण, भरून आल्यासारखं. ‘भयंकर दुखतंय’ हे वर्णन नाही. ‘उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, ओढ लागल्यासारखं, कडा पुसट, मध्ये उष्ण’ हे वर्णन आहे. ते स्थिर आहे की हलतंय, वाढतंय की पसरतंय, एवढंच बघा. गोदापार्कवर बसून पाणी बघावं तसं, त्याला अडवायचं नाही आणि ढकलायचंही नाही.

मध्येच स्वतःला, रोज बोलता त्याच भाषेत, सांगा: “दुखतंय, हे खरं. पण इथे आत्ता काही मोडत नाहीये. डॉक्टरांनी बघितलंय. ही जुनी सूचना आहे.” वहीतली लाल खूण आठवा. शेवटचा एक मिनिट लक्ष शरीरात जिथे बरं वाटतंय तिथे न्या, मग ते कानाची पाळी का असेना. एकूण पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पंधराच्या वर जाऊ नका.

इथे सगळ्यात जास्त लोक एकाच जागी चुकतात: दुखणं जावं म्हणून सराव करतात. मग दर मिनिटाला ‘गेलं का?’ असं तपासतात आणि गेलं नाही की चिडतात. ही चीडही मेंदूला धोकाच वाटते. सराव बरोबर झाला याची खूण दुखणं कमी होणं ही नाही. दुखत असताना भीती थोडी कमी झाली, खांदे खाली आले, ही आहे. पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं जागा बदलू शकतं, कधी तात्पुरतं वाढतंही. जागा बदलली तर तीही वहीत लिहा, तो पुरावाच आहे. मात्र नवं लक्षण अगदी वेगळ्या तऱ्हेचं असेल तर दाखवून घ्या.

दुखणं ७-८ वर असेल तेव्हा हा सराव करू नका. त्या वेळी शेक, लांब श्वास, आवडतं गाणं, कुणाशी तरी गप्पा. पोहणं उथळ पाण्यातच शिकतात.

इगतपुरीचं धम्मगिरी जवळ असल्याने अनेक जण दुखण्यासाठी थेट दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचा विचार करतात. तिथला अभ्यास मोलाचा आहे, पण तो वेदनेवरचा उपचार म्हणून आखलेला नाही, आणि त्यात रोज कित्येक तास बसावं लागतं. दुखण्याची भीती ताजी असेल तर आधी घरी दोन-तीन महिने पाच मिनिटांचा सराव पक्का करा. नंतर जायचं झालं तर अर्जात दुखणं आणि औषधं लपवू नका, खुर्ची लागणार असेल तर आधीच कळवा.

हालचाल: मिनिटं मोजून, दुखणं मोजून नव्हे

जुनाट दुखण्याचे बहुतेक लोक दोन टोकांत हिंदकळतात. बरं वाटलं त्या दिवशी दिवाळीची सगळी सफाई एका दमात, आणि मग तीन दिवस अंथरूण. मेंदू यातून एवढंच शिकतो की काम म्हणजे धोका. उपाय असा की कामाची मात्रा आधीच ठरवायची आणि बऱ्या दिवशीही तेवढीच ठेवायची. जास्त न करणं हे कमी करण्याइतकंच कठीण असतं.

चालण्याचं उदाहरण घ्या. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान, जे जवळ असेल ते. सपाट जागा हवी. तीन दिवस, दुखणं थोडं वाढू लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते मोजा. समजा १२, २० आणि ७ मिनिटं आली. सरासरी १३. तिचे ८० टक्के म्हणजे साधारण १० मिनिटं. हा तुमचा पाया. आठवडाभर रोज १० मिनिटं, दुखो वा न दुखो. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवा: ११, १२, १३ असं. आठव्या आठवड्यात तुम्ही १९-२० मिनिटांवर असता. हळू वाटतं, पण ही वाढ टिकते. चालताना दुखणं आधीपेक्षा जास्तीत जास्त दोन अंकांनी वाढलं आणि २४ तासांत मूळ जागी आलं, तर सगळं ठीक आहे. त्याहून जास्त झालं तर थांबू नका; मात्रा २० टक्क्यांनी उतरवा, तीन दिवस तिथेच राहा, मग पुन्हा चढा. पांडवलेणीच्या पायऱ्या चौथ्या महिन्याआधी नकोत.

ज्या हालचालीची भीती बसलीय तिच्यासाठी वेगळी शिडी करा. वाकण्याची अशी: पहिला आठवडा खुर्चीवर बसून हात पोटऱ्यांपर्यंत नेणं, पाच वेळा, दिवसातून दोनदा. दुसऱ्यात उभं राहून हात गुडघ्यांपर्यंत. तिसऱ्यात पाटावरचा रिकामा तांब्या उचलणं, चौथ्यात तोच तांब्या जमिनीवरून. मग तांब्या भरून, मग पाच लिटर पाण्याची बादली. प्रत्येक पायरीवर एकच अट: श्वास कोंडायचा नाही, कंबर ताठ धरायची नाही, ओठ घट्ट मिटायचे नाहीत. श्वास कोंडून शंभर वेळा वाकलं तरी मेंदू ‘वाचलो’ एवढंच शिकतो, ‘धोका नव्हता’ हे शिकत नाही. पायरी जड वाटली तर तिचे दोन भाग करा.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत विरळणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) मांडवाखाली तासन्‌तास हात वर ठेवून काम करावं लागतं, आणि उक्त्या कामात मध्ये थांबलं तर मजुरी बुडते. तिथे ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला पोकळ आहे. जमतं ते असं: टोळीतल्या जोडीदाराशी बोलून दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं हात खाली ठेवून करायचं काम घ्यायचं, आणि हात वर असताना दात व मान सैल आहेत ना हे दर वेलीला बघायचं. हंगामाच्या महिनाभर आधी घरी हात वर धरण्याचा सराव वरच्याच हिशेबाने सुरू करावा. ऑक्टोबर छाटणीला शरीर एकदम जुंपलं की दुखणं हमखास उचल खातं.

कमरेचा पट्टा वापरत असाल तर डॉक्टरांना विचारून तोही असाच सोडवा: दर आठवड्याला दिवसातला एक तास कमी.

गिळलेलं लिहून काढणं

वहीत ज्यांना दुखण्याआधी राग, अपमान, अपराधीपणा किंवा जबाबदारीचं ओझं दिसलं असेल, त्यांच्यासाठी हा भाग. आपल्याकडे राग गिळणं हे चांगुलपणाचं लक्षण समजतात, विशेषतः घरातल्या मोठ्या मुलाच्या आणि सुनेच्या बाबतीत. गिळलेला राग शरीराला सतत सावध ठेवतो, आणि सावध शरीर जास्त दुखतं.

१९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं सगळ्यात जड लिहून घेतलं होतं. तीच मात्रा पुरते. कागद आणि पेन, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शुद्धलेखन, न्याय-अन्याय, ‘असं म्हणू नये’ हे सगळं बाजूला. “मला राग येतो, कारण…” असं सुरू करा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटांनी थांबा. नंतर कागद फाडून टाका. तो कुणाला दाखवायचा किंवा पाठवायचा नाही. झोपण्याआधी लिहू नका, त्यानंतर तासभर मन जड असू शकतं. चार दिवसांत काहीच हललं नाही तर सोडून द्या, प्रत्येकाला याचा उपयोग होतोच असं नाही. लहानपणीचा अत्याचार, नुकताच झालेला मृत्यू, जगू नये असे विचार, यांतलं काही असेल तर हे एकट्याने करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तो चोवीस तास चालू असतो.

झोपेबद्दल थोडक्यात: उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा, दुपारची झोप वीस मिनिटांच्या आत, संध्याकाळी पाचनंतर चहा नको. तुटक झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना वाढते, आणि या एका बदलानेही पुष्कळांना फरक पडतो.

प्रेगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ट्रामाडॉल ही औषधं बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी लागतात.

दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली तर

खाणारच. सहसा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, बरं वाटू लागल्यावर. त्या वेळी डोकं चालत नाही, म्हणून एक कार्ड आधीच लिहून कपाटाच्या दारावर आतून लावा. वर डॉक्टरांचं तारखेसहचं वाक्य. त्याखाली वहीतल्या तीन लाल खुणा. मग तीन दिवसांचा आराखडा. पहिला दिवस: चालणं अर्धं, पण बंद नाही, शेक वीस मिनिटं, दर दोन तासांनी पाच मिनिटं लांब श्वास, इंटरनेटवर लक्षणं शोधणं बंद. दुसरा दिवस: तेवढंच चालणं, घरातलं एक हलकं काम, दुखणं पाचच्या खाली असेल तर बघण्याचा सराव एकदा. तिसरा दिवस: चालणं तीन चतुर्थांश, सराव दोनदा. चौथ्या दिवशी उचल खाण्याआधीच्या मात्रेच्या ८० टक्क्यांवरून पुन्हा चढायला लागा. कार्डाच्या मागच्या बाजूला धोक्याची लक्षणं लिहा, लघवीचा ताबा, बधिरपणा, लटकणारं पाऊल, ताप, म्हणजे रात्री दोन वाजता रुग्णालयात जायचं की नाही हे घाबरून नव्हे, वाचून ठरवता येईल.